पहिला काप

आरव्ही-७ जातीच्या विमानाचं किट घरी आलं की बांधणाऱ्याला सुरुवातीचे महिने सगळं सरळ वाटतं. ऑरेगन राज्यातल्या ऑरोरा इथल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीने पत्र्यांना भोकं आधीच पाडून दिलेली असतात. या पत्र्याचं भोक त्या फासळीच्या भोकावर आणायचं, तात्पुरती क्लेको पिन खुपसायची, एकदा नजर टाकायची आणि रिबीट मारत सुटायचं. भोकं जुळली म्हणजे पंख सरळ झाला, इतका भरवसा कारखान्यातल्या यंत्रावर ठेवता येतो. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी १९७३ मध्ये ही कंपनी सुरू केली. तिच्या आराखड्यांवरून लोकांनी आपापल्या गॅरेजात बांधलेली अकरा हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत.

मग एका भल्यामोठ्या खोक्यातून कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं झाकण, निघते.

ती ॲक्रिलिकचा एक पारदर्शक फुगा असते, पुढच्या काचेसकट एकसंध. तिच्यावर ना भोक, ना रेघ. तापवून मऊ केलेलं ॲक्रिलिक फुगवून तो आकार आणतात. त्यामुळे जाडी सगळीकडे सारखी नसते आणि एक फुगा दुसऱ्यासारखा तंतोतंत निघत नाही. ज्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर तो बसवायचा, तो सांगाडा वेल्डिंगचा. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी थोडी तरी ओढली जातेच. या दोन तऱ्हेवाईक वस्तू एकमेकींशी जमवायच्या, आणि त्याही बांधणाऱ्याने स्वतः रिबीट मारून उभ्या केलेल्या धडावर. कारखान्याने दिलेली हमी इथे संपते. पुढचं सगळं फिटरकाम.

या फुग्याभोवती बसून वाद घालणारे एक मामा आणि त्यांचा भाचा आहेत. मामांनी तरुणपणी पिंपरीच्या एका टूलरूममध्ये उमेदवारी केली आणि पोर्टलंडजवळच्या मशीन शॉपमधून ते निवृत्त झाले. भाचा सिअ‍ॅटलमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो, त्याच्याकडे वैमानिकाचा परवाना आहे आणि या विमानात त्याचा निम्मा वाटा आहे. (जोडी लेखापुरती जमवलेली आहे. त्यांचे मुद्दे मात्र जमवावे लागले नाहीत. आरव्ही बांधणारे दोघे जिथे भेटतात तिथे ते ऐकू येतात.) ऑगस्टची दुपार, विलमेट खोऱ्यातला एक भाड्याचा हँगर, पारा तिशीच्या पुढे.

भाच्याची पहिली तक्रार जुनीच होती. "मामा, तू सरकती मागवलीस आणि मला नंतर सांगितलंस. उचलती घेतली असती तर ही कमान रोज डोळ्यांसमोर आली नसती."

आरव्ही-७ ची कॅनॉपी दोन प्रकारांत मिळते आणि शेवटच्या टप्प्याचं किट मागवतानाच निवड करावी लागते. सरकतीत पुढची काच विमानाला कायमची बसते, तिच्या मागच्या कडेला पोलादी रोल बारची कमान असते आणि बाकीचा घुमट रुळांवरून मागे सरकतो. उचलतीत पुढची काच आणि डोक्यावरचा भाग एकच असतो. तो पुढच्या बिजागरीवर जबड्यासारखा वर उघडतो आणि रोल बार आसनांच्या मागे जातो. साहजिकच उचलतीतून समोरचं दृश्य निर्वेध दिसतं. भाचा खोटं बोलत नव्हता.

"कमान दिसते, कबूल," मामा म्हणाले. "दोन दिवसांनी दिसायची बंद होते. आता मला सांग, ऑगस्टमध्ये धावपट्टीच्या तोंडाशी तिघांच्या मागे नंबर लागलाय, इंजिन मंद चालू आहे, डोक्यावर ऊन आणि वर हे प्लॅस्टिक. काय करशील?"

"उचलती थोडी फटीएवढी उघडी ठेवता येते. लोक कडीला मधली एक खाच करून घेतात."

"आणि समोरून वाऱ्याचा झोत आला की?"

भाचा गप्प बसला, कारण हा मुद्दा त्यालाही ठाऊक होता. पूर्ण उघडलेली उचलती कॅनॉपी वाऱ्यात शिडासारखी उभी राहते. गॅसच्या दांड्या तिला तोलतात खऱ्या, पण शेजारी उभ्या विमानाच्या पंख्याचा झोत बसला तर बिजागरी पिळवटू शकते. सरकतीला याची फिकीर नाही. ती उघडी टाकून विमान जमिनीवर खुशाल चालवता येतं. पाऊस असला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. उचलतीचा सांधा नेमका उपकरणांच्या फळीच्या वर पडतो, त्यामुळे तिथून गळलेलं पाणी थेट महागड्या पडद्यांवर उतरतं.

"ठीक," भाचा म्हणाला. "पण तीच फळी दुरुस्त करायची वेळ आली तर? उचलतीत वरचा सगळा भाग बाजूला होतो, उभ्यानं हात घालता येतो. तुझ्या सरकतीत मला आसनं काढून, पाठीवर झोपून, डोकं रडर पेडलपाशी खुपसून वायरी शोधाव्या लागतील. शिवाय मागे सरकलेला घुमट सामानाच्या जागेवर येऊन बसतो. बॅग काढायची तर आसनावरून वाकून."

हा मुद्दा लोक हलक्यावारी घेतात आणि पुढे पस्तावतात. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाची दरवर्षी पूर्ण तपासणी करावी लागते, त्यामुळे फळीखाली पाठीवर झोपणं हे एकदाच भोगून संपणारं काम नाही. बांधताना चाळिशीत असलेला माणूस तपासणी करताना साठीचा होतो. मामांनी तर साठी कधीच ओलांडली होती. त्यांनी यावर उत्तर दिलं नाही, फक्त "झोपीन की" म्हणाले.

सरकतं झाकण बरं की बिजागरीचं, हा वाद आरव्हीच्या कितीतरी आधीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायरचं झाकण मागे सरकायचं, तर समोरच्या जर्मन मेसरश्मिट १०९ चं झाकण बाजूच्या बिजागरीवर उघडायचं आणि उडताना उघडं ठेवता येत नसे. स्पिटफायरचे वैमानिक उतरताना झाकण मागे ढकलून डोकं बाहेर काढू शकत. पुढे लांबलचक इंजिन, त्यामुळे समोरची जमीन दिसायची नाही. डोकं बाहेर काढण्याची त्यांना गरजच होती. फुगीर सरकतं झाकण अमेरिकन मुस्टँगच्या सुरुवातीच्या प्रकारांवरही बसवलं गेलं. ते मॅल्कम हूड नावाने ओळखलं जातं आणि वैमानिकांना ते आवडलं, कारण त्यात मान वळवून मागे पाहता येत असे.

भाच्याला इतिहासात रस होता, पण त्याच्या डोक्यात वेगळीच काळजी होती. "मला एकच सांग. विमान उलटलं तर?"

प्रश्न काल्पनिक नाही. नाकाखाली चाक असलेल्या आरव्ही विमानांत काही वेळा ते चाक मऊ किंवा खडबडीत जमिनीत रुतून विमान पालथं झालं आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने त्या नाकचाकीचा अभ्यास केला आणि कंपनीने तिचा काटाही बदलला. मामांचं विमान शेपटीखाली चाक असलेलं, म्हणून तो धोका वेगळा. पण शेपटीचाकीही जोराच्या ब्रेकने नाकावर जाऊ शकते.

"उलटलं तर माझ्या सरकतीत कमान कपाळापुढे आहे," मामा म्हणाले. "तुझ्या उचलतीत ती डोक्यामागे."

"म्हणजे तुझ्यात पुढची काच वाचेल आणि माझ्यात डोकं."

"आणि उघडणार कुठली?"

खरं म्हणजे दोन्हींपैकी एकही नाही. पालथ्या विमानात उचलती वर उघडायची तर वर जमीन असते. सरकती मागे न्यायची तर तिचा मधला रूळ ज्या पाठीवर आहे ती पाठच जमिनीवर टेकलेली असते, आणि धड जरा पिळलं गेलं तरी बाजूचे रूळ आवळतात. म्हणून अनेक जण आसनाजवळ, पट्ट्यावर लटकत असतानाही हाताला लागेल अशा जागी कॅनॉपी फोडायचा टोकदार हातोडा बसवतात. इथे लेखकाचं मत स्पष्ट आहे: सुरक्षिततेच्या नावावर सरकती की उचलती हा वाद घालण्यापेक्षा हातोडा कुठे बसवायचा यावर तितका वेळ खर्चावा.

फुटलेल्या ॲक्रिलिकबद्दल मामांनी एक गोष्ट सांगितली. ती ऐकून भाचा थोडा हबकला. १९४० मध्ये इंग्लंडवरच्या हवाई लढाईत गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या हरिकेन विमानाची कॅनॉपी गोळ्यांनी फुटली आणि परस्पेक्स म्हणजे हेच ॲक्रिलिक त्याच्या डोळ्यांत घुसलं. हॅरल्ड रिडली या नेत्रशल्यविशारदाने अशा जखमी वैमानिकांना पाहिलं, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की काचेसारखे हे तुकडे डोळ्यात राहिले तरी डोळा त्यांच्याविरुद्ध फारसा बंड करत नाही. १९४९ च्या नोव्हेंबरात रिडलींनी लंडनमध्ये त्याच द्रव्याचं कृत्रिम भिंग एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. आज गावोगावच्या मोतीबिंदू शिबिरांत जे भिंग घालतात, त्या वंशवेलीचं मूळ एका फुटलेल्या कॅनॉपीत आहे.

"तुझ्या आजीच्या डोळ्यात आहे ना, त्याचा खापरपणजोबा हा," मामा फुग्यावर टिचकी मारून म्हणाले. "आता गॉगल लाव. कापायचंय."

गॉगल लावता लावता भाच्याने आणखी एक आशा बोलून दाखवली. "उचलती असती तर निदान हा काप तरी मारावा लागला नसता."

"कोण म्हणालं? तिथेही मारावा लागतो. फक्त जागा बदलते."

हे खरं आहे आणि नव्या लोकांना ते सहसा माहीत नसतं. सरकतीत पुढची काच आणि घुमट वेगळे करायला रोल बारच्या रेषेवर फुगा आडवा कापावा लागतो. उचलतीत आसनांमागची खिडकी जागच्या जागी राहते, म्हणून काप डोक्यामागे येतो. फुगा दोन्हींकडे एकसंधच येतो आणि दोन्हींकडे तो बांधणाऱ्यालाच दुभंगावा लागतो. आरव्ही बांधणाऱ्यांत त्याला 'मोठा काप' म्हणतात. कित्येक जण त्या दिवसाची आठवड्यांपासून तयारी करतात आणि मुद्दाम मदतीला माणूस बोलावतात. चुकलं तर नवा फुगा, नवं भलंमोठं खोकं आणि ते खोकं ट्रकने घरी आणायचा वेगळा खर्च.

मामांनी उन्हाळ्याची वाट पाहिली होती ती याचसाठी. ॲक्रिलिक थंडीत ठिसूळ होतं. त्यावर हत्यार चालवायचं तर ते चांगलं कोमट असावं लागतं. पंचवीस-सत्तावीस अंशांच्या खाली काम करायला जाणते लोक धजत नाहीत आणि थंड प्रदेशातले बांधणारे हँगरमध्ये हीटर लावून बसतात. करवतीला इथे थारा नाही. दात असलेलं कुठलंही पातं ॲक्रिलिकला धरतं, झटका देतं आणि तडा जातो. म्हणून छोट्या ग्राइंडरवर घासून कापणारी पातळ चकती लावतात. ती कापत नाही, घासत आणि थोडी वितळवत पुढे जाते. वास येतो, पांढरा भुगा उडतो, पण धक्का बसत नाही.

सरावासाठी फुग्याच्या कडेची पट्टी असते. फुगवताना कडा धरून ठेवलेला तो भाग शेवटी टाकायचाच असतो. मामांनी आधी तीच कापून हात बसवला होता. आता कमानीच्या रेषेवर चिकटपट्टी लावून भाच्याला मागच्या अर्ध्याला आधार द्यायला उभं केलं. जसजसा काप पुढे जाईल तसतशी मागे राहिलेल्या फटीवर चिकटपट्टी मारत जायची, म्हणजे दोन्ही तुकडे स्वतःच्या वजनाने फाकत नाहीत आणि शेवटच्या इंचाला चिरफाळत नाहीत. काप पुरा झाला तेव्हा दोघांच्याही अंगावर भुगा होता आणि रेषा मधल्या एका ठिकाणी केसभर वाकलेली होती. मामांनी ती कडा पॉलिश पेपरने घासायला घेतली आणि बोट फिरवून कुठेच खरखर लागत नाही याची खात्री होईपर्यंत थांबले नाहीत. कडेवर राहिलेला लहानसा ओरखडासुद्धा पुढे तड्याचं बीज होतो. रात्री गारठा पडला की नुसत्या उभ्या असलेल्या विमानाची कॅनॉपी तडकल्याच्या तक्रारी बांधणाऱ्यांत नवीन नाहीत. तडा गेलाच तर त्याच्या टोकाशी बारीक भोक पाडतात, म्हणजे तो पुढे धावत नाही.

आणि इथून दुसरं भांडण सुरू झालं.

"भोकं नकोच पाडायला," भाचा म्हणाला. "कडा तडकते, भोकं तडकतात, मग तू या सांगाड्यावर शंभर ठिकाणी ड्रिल का मारतोस? डिंकाने चिकटवू."

डिंक म्हणजे सिकाफ्लेक्स २९५ यूव्ही, नावेच्या खिडक्या बसवायला वापरतात ते पॉलियुरेथेन. गेल्या काही वर्षांत आरव्हीच्या कॅनॉप्या त्याने चिकटवणाऱ्यांची संख्या बरीच वाढली आहे. या मागणीला भाच्याची हौस म्हणून उडवून लावता येणार नाही, कारण तिच्या मुळाशी पदार्थविज्ञान आहे. ॲक्रिलिक तापमानाने फार पसरतं. एक मीटर लांबीचा तुकडा चाळीस अंशांच्या फरकाला जवळपास २.८ मिलिमीटर वाढतो. तेवढंच ॲल्युमिनियम ०.९ आणि पोलाद जेमतेम ०.५ मिलिमीटर. ऑरेगनच्या ऑगस्टात बसवलेली कॅनॉपी जानेवारीत, दहा हजार फुटांवर, तिच्या पोलादी सांगाड्यापेक्षा दोनेक मिलिमीटर आखूड व्हायला बघणार. भोकात रिबीट घट्ट असेल तर ती हलायची कुठे? मग ती फुटते.

"म्हणून तर भोक मोठं ठेवायचं," मामा म्हणाले. "सव्वातीन मिलिमीटरचा रिबीट असेल तर प्लॅस्टिकमधलं भोक चारच्या पुढे. रिबीट प्लॅस्टिकला शिवताच कामा नये. आणि साधं ड्रिल नाही चालणार. टोक जास्त अणकुचीदार घासलेलं, खरवडणारं ड्रिल लागतं, मागे लाकडाचा ठोकळा."

"शंभर भोकं, प्रत्येक बरोबर. एक चुकलं तर?"

"तुझ्या डिंकात एकच जागा आहे, पण तीही पूर्ण बरोबर लागते. पृष्ठभाग घासायचा, पुसायचा, प्रायमर लावायचा, ठरलेल्या वेळात चिकटवायचं, डिंकाची जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास ठेवायची, आणि ऊन थेट जोडावर पडू द्यायचं नाही. हवेतल्या ओलाव्याने तो पिकतो, तोवर हलवायचं नाही. चुकला की नाही हे दिसत नाही. रिबीट सैल झाला तर मला तो दिसतो."

"रिबीट दिसतो, त्याच्याभोवतीचा ताण दिसत नाही."

या मुद्द्यावर भाचा बरोबर आहे असं म्हणायला हरकत नाही. ताणाचं केंद्रच नको असेल तर भोक न पाडणं हाच सरळ उपाय. लवचीक डिंक दोन मिलिमीटरचा फरक सहज पचवतो. मामांचा विरोध हत्याराच्या सवयीतून येतो, यात शंका नाही. पण तो निव्वळ हट्टही नाही. टूलरूममध्ये वाढलेला माणूस जे मोजता आणि पाहता येतं त्यावरच विश्वास ठेवतो, आणि विमानाच्या बाबतीत ही सवय वाईट म्हणता येत नाही.

भाचा म्हणाला की भोकांचा प्रश्न कारखान्याने केव्हाच सोडवलाय, माणसाच्या हातापेक्षा यंत्र बरं. त्यावर मामांनी कंपनीचंच उदाहरण काढलं. गेल्या काही वर्षांत मागणी वाढली तेव्हा व्हॅन्सने काही भाग पंचिंगऐवजी लेझरने कापून घेतले. लेझर जिथे भोकाचा घेर सुरू करून संपवतो तिथे बारीक खाच राहिली. बांधणाऱ्यांनी रिबिटाचं डोकं बसावं म्हणून त्या भोकांना खळगा पाडला, तेव्हा काही भोकांच्या कडेला तडे गेले. हजारो भाग बदलून द्यायची वेळ आली आणि इतर आर्थिक अडचणींबरोबर याही ओझ्याखाली कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेरही आली. "ॲल्युमिनियम असो की प्लॅस्टिक," मामा म्हणाले, "भोकाची कडा कोणी आणि कशी केली हे बघायलाच लागतं."

"मग आपण कडा करायला कोणाला तरी देऊ. पैसे देऊन बसवून घेणारे आहेत."

"आणि निम्म्याचं काय?"

अमेरिकी नियमांत घरी बांधलेल्या विमानाला परवाना मिळायचा तर त्याचा मोठा हिस्सा हौशी माणसांनी शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेला असावा लागतो. बोलीत त्याला एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात. एखादं किचकट काम जाणकाराकडून करून घेतलं म्हणून विमान बाद होत नाही, पण सगळंच विकत घेतलं तर होतं. बदल्यात बांधणाऱ्याला आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं, आणि कॉकपिटच्या प्रवेशाजवळ 'एक्सपेरिमेंटल' हा शब्द ठळक अक्षरांत लिहावा लागतो. सुरुवातीचे पंचवीस किंवा चाळीस तास, इंजिन-पंख्याच्या जोडीनुसार, ठरलेल्या भागातच उडायचं. पॉल पोबरेझनी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकीत हौशी बांधणाऱ्यांची संघटना स्थापन केली, तेव्हापासून ही पद्धत तिथे मुरली आहे.

मुंबईत असं काही मुरलेलं नव्हतं. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते किटही नव्हतं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते रांगा लावून पाहिलं, पण नोंदणी मिळायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. भाच्याने त्यांचं नाव काढलं ते मामांना टोमणा मारायला: "तिथे माणूस गच्चीवर सगळं विमान उभं करतो, आणि तू एका प्लॅस्टिकवर सहा महिने!" मामांनी टोमणा मनावर घेतला नाही. "त्यांना फुगा कापायला नव्हता," एवढंच म्हणाले.

डिंक की रिबीट, हे शेवटी अर्धंअर्धं सुटलं. घुमट सांगाड्याला डिंकाने चिकटवायचा, पुढची काच रोल बारवर स्क्रूंनी, मोठ्या भोकांत. मामांची एकच अट होती: स्क्रूंना थ्रेडलॉकचा थेंब लावायचा नाही, कारण ते द्रव ॲक्रिलिकला लागलं की बारीक चरे पडतात. काच पुसायच्या अमोनियाच्या फवाऱ्यालाही हँगरमध्ये बंदी. साबणाचं पाणी आणि मऊ कापड, बस्स.

त्या संध्याकाळी खरा वेळ गेला तो रुळांवर. सरकत्या कॅनॉपीला तीन आधार असतात: पुढच्या दोन कोपऱ्यांवर रोलर, ते धडाच्या दोन्ही कडांवरच्या रुळांत, आणि मागे मध्यभागी एक ठोकळा, तो पाठीवरच्या मधल्या रुळात. बंद झाल्यावर मागच्या पिना ठोकळ्यांत शिरतात, म्हणजे उड्डाणात घुमटावर येणाऱ्या खेचाने तो उचलला जात नाही. कागदावर हे तीन ओळींचं काम. प्रत्यक्षात डावीकडचा रोलर रुळात बसला की उजवीकडचा दोन मिलिमीटर वर राही. नळी गुडघ्यावर धरून वाकवली की कमानीशी फट पडे. फट भरली की मागचा ठोकळा अडके. पावसाळ्यात फुगलेलं दार रंधून बसवताना जसं एक कोपरा सोडला की दुसरा घासतो, अगदी तसं. भाच्याने कॅलिपरने आकडे घेऊन तक्ता केला. मामा आकडे न पाहता सांगाडा उचलायचे, डोळा लावायचे आणि पुन्हा वाकवायचे. शेवटी ज्या जागी रोलर टेकला तिथे दोघांची पद्धत वेगवेगळ्या वाटांनी पोचली होती, आणि श्रेय कोणाचं यावर दोघांचं अजूनही एकमत नाही.

भाच्याने फोनवरच्या तक्त्याकडे पाहत विचारलं, "मागचा पत्र्याचा पदर? तो कधी?"

पदर म्हणजे घुमटाच्या कडेने धडावर टेकणारी पत्र्याची पट्टी. सरकतीत मागचा पदर सगळ्यात छळतो. तो दोन दिशांना वाकलेल्या पाठीवर चिकटून बसावा लागतो आणि कॅनॉपी सरकताना मोकळाही व्हावा लागतो. बसला नाही तर मागच्या फटीतून थंड वारा आत येतो. घुमटाच्या मागे हवेचा दाब असा असतो की बाहेरची हवा आत शिरून मागून पुढे वाहते, आणि तिच्याबरोबर इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो. पत्रा ऐकत नाही म्हणून बरेच जण पदर फायबरग्लासचा करतात: कापडाच्या पट्ट्या, रेझिन आणि मग घासकाम.

"फायबरचा करू," भाचा म्हणाला. "आणि कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर मी आजच मागवतो."

"डिटेक्टर मागव. पण आधी पत्र्याचा करून बघू."

"मामा, पत्रा दोनदा वाया गेलाय."

"म्हणून तर तिसऱ्यांदा," मामा म्हणाले. त्यांनी कॅनॉपी मागे ढकलली. ती निम्म्यावर येऊन उजव्या रोलरशी किंचित अडखळली, आणि मामांनी कानस हातात घेतली.